पातळ लॅपटॉपच्या पोटात: काय बदलता येते, काय नाही आणि का

पातळ लॅपटॉपचे तळाचे झाकण पहिल्यांदा उघडणाऱ्याला आत जे दिसते ते बहुधा अनपेक्षित असते. संगणक म्हणजे मुख्यतः मदरबोर्ड अशी आपली समजूत असते, पण प्रत्यक्षात टंकताना हाताचे तळवे टेकतात त्या बाजूची जवळजवळ निम्मी जागा काळ्या, चपट्या बॅटरीने व्यापलेली असते. मदरबोर्ड म्हणजे बिजागरीच्या बाजूला सरकवलेली एक अरुंद, वेडीवाकडी कापलेली पट्टी असते, तिच्यावरून तांब्याची एक चपटी नळी पंख्यापर्यंत गेलेली असते आणि उरलेल्या फटींमधून कागदासारख्या पातळ रिबन केबल इकडून तिकडे गेलेल्या असतात. रिकामी जागा जवळपास नसतेच. यंत्र उघडणे हे सवयीचे काम आहे. थोडा संयम असेल तर ते जमते. खरा विचार करायला हवा तो याचा की, जाडी कमी करताना रचनाकाराने कोणता भाग कायमचा जोडून टाकला आणि कोणता मोकळा ठेवला. मिलिमीटरांचा हा हिशेब ज्याला वाचता येतो, त्याचे अपग्रेडवरचे पैसे वाया जात नाहीत आणि यंत्रही धोक्यात येत नाही.

मिलिमीटर कुठे वाचवले

हा हिशेब सर्वात स्पष्ट दिसतो तो रॅममध्ये. जुन्या, जाड लॅपटॉपमध्ये रॅमची पट्टी एका खाचेत बसवलेली असे. या खाचेची उंची साधारण ४ मिलिमीटर असते, तर तीच रॅम चिपच्या रूपात थेट बोर्डावर डाख देऊन बसवली तर तिला जेमतेम १ मिलिमीटर उंची पुरते. ज्या यंत्राची एकूण जाडीच १५ ते १८ मिलिमीटर आहे आणि त्यातही पडदा, कीबोर्ड आणि बाहेरचे कवच यांचा वाटा आधीच निघून गेलेला आहे, तिथे ३ मिलिमीटर ही फार मोठी रक्कम ठरते. २००८ साली आलेल्या पहिल्या मॅकबुक एअरमध्ये २ जीबी रॅम अशीच बोर्डावर पक्की केलेली होती आणि ती कधीही वाढवता येत नव्हती. २०११ मध्ये इंटेलने ‘अल्ट्राबुक’ या नावाखाली लॅपटॉपच्या जाडीला कमाल मर्यादा घालून दिल्या, तेव्हा लहान पडद्यांच्या यंत्रांसाठी ती १८ मिलिमीटर होती. त्यानंतर हीच पद्धत सरसकट रुळली.

मात्र सगळा दोष जाडीवर टाकणे योग्य होणार नाही. पातळ लॅपटॉपमध्ये जी एलपीडीडीआर जातीची रॅम वापरतात ती मुळात मोबाइल फोनसाठी घडवलेली आहे. ती कमी विजेवर चालते, यंत्र झोपेत असताना तर फारच कमी वीज खाते, आणि प्रोसेसरपासून अगदी जवळ, काही मिलिमीटर अंतरावर बसवली तर अतिशय वेगाने चालते. खाचेत प्रत्येक संपर्कबिंदूवर विजेच्या संकेतात थोडी गडबड होते. वेग वाढत जातो तशी ही गडबड सोसण्याची क्षमता कमी होत जाते, आणि एका टप्प्यानंतर खाच हाच अडथळा ठरतो. म्हणूनच खाचेतली डीडीआर५ या पिढीची रॅम लॅपटॉपमध्ये सामान्यतः सेकंदाला ५६०० दशलक्ष हस्तांतरणांच्या आसपास चालते, तर बोर्डावरची एलपीडीडीआर५एक्स रॅम ८५३३ पर्यंत जाते. यावर उपाय म्हणून स्क्रूने बोर्डावर आडवी दाबून बसवायची एक चपटी पट्टी तयार झाली असून तिचे ‘कॅम२’ हे मानक मेमरीची मानके ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेने २०२३ च्या अखेरीस प्रसिद्ध केले. ही रचना सर्वत्र पोहोचावी असे मला मनापासून वाटते, कारण तिच्यात वेग आणि बदलण्याची सोय या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. पण आज बहुसंख्य पातळ यंत्रांमध्ये ती नाही, त्यामुळे आपल्या हातातल्या यंत्राची चौकशी आधीच करून घ्यावी लागते.

ही चौकशी झाकण न उघडता होते. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर रॅमचा आकारप्रकार लिहिलेला असतो. तिथे ‘रो ऑफ चिप्स’ असे दिसले तर रॅम बोर्डावर पक्की आहे असे समजावे, आणि ‘एसओडिम’ असे दिसले तर ती खाचेत आहे. त्याच पानावरचा ‘किती खाचा वापरात’ हा आकडा मात्र फसवा असतो, कारण पक्क्या चिपसुद्धा तिथे खाचा म्हणून मोजल्या जातात. सर्वात खात्रीचा मार्ग म्हणजे आपल्या नेमक्या मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल. लेनोवो, डेल आणि एचपी यांच्यासारख्या कंपन्या बऱ्याच मॉडेलची ही पुस्तिका सर्वांसाठी खुली ठेवतात. तिच्यात प्रत्येक स्क्रूची लांबी आणि भाग काढण्याचा क्रम चित्रांसह दिलेला असतो. एकाच नावाच्या लॅपटॉपमध्येही दरवर्षी आतली रचना बदलते, म्हणून तळाशी चिकटवलेल्या पट्टीवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक पाहूनच पुस्तिका शोधावी.

काही यंत्रांमध्ये अर्धी रॅम पक्की आणि अर्धी खाचेत असते, आणि अपग्रेडच्या दृष्टीने ही स्थिती चांगली म्हणावी लागेल. प्रोसेसर रॅमशी दोन समांतर मार्गांनी बोलू शकतो. बोर्डावर ८ जीबी पक्की असेल आणि खाच रिकामी असेल तर एकच मार्ग वापरात असतो. खाचेत आणखी ८ जीबी बसवली की दुसरा मार्गही उघडतो, आणि ज्या यंत्रात ग्राफिक्सचे कामही याच रॅमवर चालते तिथे हा फरक सहज जाणवतो. खाचेत १६ जीबी बसवली तरी चालते; अशा वेळी दोन्हीकडे समान असलेला १६ जीबीचा हिस्सा दोन मार्गांनी आणि उरलेला ८ जीबीचा हिस्सा एका मार्गाने वापरला जातो. खरेदी करताना पिढी मात्र चुकता कामा नये. डीडीआर४ च्या पट्टीला २६० आणि डीडीआर५ च्या पट्टीला २६२ संपर्कबिंदू असतात, दोघींची खोबणीही वेगळ्या जागी असते, आणि एकीच्या खाचेत दुसरी बसत नाही. बसत नसलेली पट्टी जोर लावून बसवण्याचा प्रयत्न झाला तर नुकसान होते ते खाचेचे, आणि खाच बदलणे हे घरी होण्यासारखे काम नाही.

एसएसडीच्या, म्हणजे फायली साठवणाऱ्या भागाच्या, बाबतीत चित्र बरेच आशादायक आहे. मॅकबुकसारखी काही यंत्रे सोडली तर बहुतेक पातळ लॅपटॉपमध्ये एसएसडी एम.२ जातीच्या खाचेत असते आणि एकाच स्क्रूने धरलेली असते. तिच्या नावातला २२८० हा आकडा म्हणजे तिचे माप असते: २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. त्याच न्यायाने २२३० ही फक्त ३० मिलिमीटर लांबीची असते आणि अलीकडच्या बऱ्याच पातळ यंत्रांमध्ये तीच बसते. लांबीकडे सगळ्यांचे लक्ष जाते, पण जाडी बघायची राहून जाते. ज्या एसएसडीच्या एकाच बाजूला चिप असतात तिची जाडी साधारण सव्वादोन मिलिमीटर भरते. दोन्ही बाजूंना चिप असतील तर ती साडेतीन मिलिमीटर किंवा त्याहून अधिक होते. पातळ लॅपटॉपमध्ये खाच बोर्डाला इतकी खेटून असते की दुसऱ्या प्रकारची एसएसडी खाली टेकते, वाकते किंवा झाकण बंद होऊ देत नाही. जास्त क्षमतेच्या काही एसएसडींमध्ये चिप दोन्ही बाजूंना असतात, म्हणून घेण्यापूर्वी ‘सिंगल साइडेड’ हा उल्लेख शोधावाच.

वेगाच्या आकड्यांना मात्र फार महत्त्व देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. साटा या जुन्या जोडणीची एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी वाचते, तिसऱ्या पिढीच्या पीसीआयई या वेगवान मार्गावरची, एनव्हीएमई पद्धतीची एसएसडी ३५०० च्या आसपास आणि चौथ्या पिढीची ७००० च्या आसपास. साटावरून एनव्हीएमईवर जाताना मोठ्या फायली हलवताना फरक दिसतो. तिसऱ्या पिढीवरून चौथ्या पिढीवर जाताना मात्र रोजचे लेखन, ब्राउझर आणि छायाचित्रे यांत तो क्वचितच जाणवतो. वेगवान एसएसडी तापते, आणि पातळ यंत्रात तिच्या डोक्यावर वारा खेळायला जागाच नसते. एका मर्यादेपलीकडे तापली की ती स्वतःहून वेग कमी करते, म्हणजे ज्या वेगासाठी पैसे मोजले तोच गळून पडतो. अशा यंत्रात कमी वीज खाणारी, मध्यम वेगाची, पण अधिक क्षमतेची एसएसडी घेणे शहाणपणाचे ठरते. शिवाय एम.२ ही केवळ खाचेची घडण आहे. काही खाचांमध्ये फक्त साटा चालते, काहींमध्ये फक्त एनव्हीएमई, तर काहींमध्ये दोन्ही. हेही पुस्तिकेतच पाहावे.

वायफाय कार्डही अनेकदा अशाच छोट्या खाचेत असते. इंटेलची काही कार्डे स्वतंत्र असतात, तर काहींचे निम्मे काम प्रोसेसरच्या आतच होते. एएक्स२१० आणि एएक्स२११ ही दोन कार्डे वरवर सारखी दिसतात, पण दुसरे कार्ड ज्या इंटेल यंत्रांत तशी सोय केलेली आहे तिथेच चालते. कीबोर्ड आणि पडदा यांच्या वाट्याला मी सहसा जात नाही: पातळ लॅपटॉपचा कीबोर्ड वरच्या कवचाला डझनावारी प्लास्टिक खुंट्या वितळवून पक्का केलेला असतो आणि पडदा गोंदाने चिकटवलेला असतो.

झाकण उघडण्यापूर्वी

कामाला लागण्यापूर्वी आपल्या सर्व फायलींची प्रत दुसऱ्या ठिकाणी घ्यावी, हे सांगायलाच नको. त्याच्याइतकीच महत्त्वाची, पण हमखास विसरली जाणारी गोष्ट म्हणजे बिटलॉकर, ही विंडोजची साठवण कुलूपबंद करणारी सोय. अनेक विंडोज लॅपटॉपमध्ये साठवण आपोआप कुलूपबंद केलेली असते आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. आतला भाग किंवा बायोसमधली (यंत्र सुरू होताना सर्वात आधी चालणाऱ्या मूळ कार्यक्रमातली) एखादी मांडणी बदलली की यंत्र सुरू होताना ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते, आणि ती हाताशी नसेल तर आपल्याच फायली आपल्याला परक्या होतात. म्हणून ही की आधी शोधून कागदावर उतरवावी आणि काम होईपर्यंत बिटलॉकर तात्पुरते स्थगित ठेवावे.

बॅटरी २५ टक्क्यांच्या खाली उतरू द्यावी. लिथियम बॅटरीत चुकून टोचले गेले किंवा ती वाकली तर तिच्यात साठलेली ऊर्जा जितकी कमी तितका धोका कमी असतो. नंतर यंत्र पूर्ण बंद करावे. केवळ पडदा मिटून झोपलेले यंत्र उघडू नये. काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये आतली बॅटरी तात्पुरती निष्क्रिय करण्याची सोय असते, ती असेल तर अवश्य वापरावी.

हत्यारे थोडीच लागतात, पण ती नेमक्या मापाची हवीत. बहुतेक यंत्रांना फिलिप्स पद्धतीचा शून्य किंवा दुहेरी शून्य मापाचा स्क्रू ड्रायव्हर लागतो, काहींना टॉर्क्स टी५, तर मॅकबुकला पाच पाकळ्यांचा पेंटालोब. चुकीच्या मापाच्या टोकाने पहिल्याच प्रयत्नात स्क्रूचे डोके झिजते आणि मग तो स्क्रू निघता निघत नाही. याशिवाय प्लास्टिकची एक पातळ, टोकदार पट्टी, चिमटा आणि भरपूर उजेड एवढे पुरते. गालिच्यावर किंवा अंथरुणावर बसून काम करू नये. आपल्याला बोटाला चटका जाणवतो तेव्हा स्थिर विजेचा दाब सुमारे ३००० व्होल्ट असतो, आणि चिपला इजा व्हायला त्याच्या कितीतरी कमी दाब पुरतो. म्हणजे आपल्याला काहीही न जाणवता नुकसान होऊन गेलेले असू शकते. मनगटाला जोडायचा अर्थिंगचा पट्टा उत्तम, पण तो नसेल तर मधूनमधून जमिनीशी जोडलेल्या धातूच्या वस्तूला स्पर्श करत राहावे.

उघडताना

तळाचे स्क्रू मोजून पाहावेत. पुस्तिकेत दहा सांगितले असतील आणि दिसत आठच असतील तर उरलेले दोन बहुधा रबरी पायांखाली किंवा एखाद्या चिकटपट्टीखाली दडलेले असतात. काही स्क्रू सैल होतात, पण झाकणातून बाहेर येत नाहीत. ते तसेच घडवलेले असतात, ओढून काढायचे नसतात. बाहेर आलेल्या स्क्रूंच्या बाबतीत मी एक साधी पद्धत कधीही सोडत नाही: एका कागदावर तळाची आकृती काढायची आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवायचा. हा केवळ टापटिपीचा भाग नाही. पातळ लॅपटॉपमध्ये बहुधा बिजागरीजवळचा स्क्रू लांब आणि तळव्यांच्या बाजूचा आखूड असतो. लांब स्क्रू आखूड छिद्रात पिळला तर त्याचे टोक वरच्या कवचाला फुगवटा आणते किंवा त्याहून वाईट म्हणजे आतल्या बोर्डात घुसते.

स्क्रू निघाले तरी झाकण निघत नाही, कारण कडेने प्लास्टिकच्या किंवा धातूच्या टाचण्या एकमेकींत अडकलेल्या असतात. बिजागरीजवळच्या एखाद्या कोपऱ्यात प्लास्टिकची पट्टी घालावी, ती उभी न खुपसता कडेने सरकवत न्यावी, आणि एकेक टाचणी ‘टक्’ आवाज करत सुटू द्यावी. धातूचा चपटा स्क्रू ड्रायव्हर इथे वापरू नये, कारण झाकणाच्या कडेवर कायमचे व्रण पडतात आणि आतल्या एखाद्या केबलला तो केव्हा लागेल हे सांगता येत नाही. झाकण एका बाजूने सुटले तरी झटक्याने उचलू नये. काही यंत्रांत झाकणाला स्पीकरची किंवा अन्य केबल जोडलेली असते.

झाकण निघाल्यावर पहिले काम एकच: बॅटरीचा कनेक्टर सोडवणे. बाकी सगळे त्यानंतर. यंत्र बंद असले तरी बॅटरी जोडलेली असेपर्यंत बोर्डाच्या काही भागांत वीज असतेच. पडद्याकडे जाणाऱ्या केबलमध्ये उजेडासाठीची तार बरेचदा २० व्होल्टच्या वर असते आणि तिच्या शेजारच्याच तारा एक-दोन व्होल्टवर चालणाऱ्या असतात. चिमट्याचे टोक दोघींना एकदम टेकले तर क्षणात बोर्ड निकामी होऊ शकतो. बॅटरीचा कनेक्टर काही ठिकाणी वर उचलायचा असतो, काही ठिकाणी बोर्डाला समांतर मागे सरकवायचा असतो. कोणता प्रकार आहे हे न पाहता जोर लावला तर कनेक्टर बोर्डावरून उखडून येतो. तो सुटला की पॉवरचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे, म्हणजे बोर्डावर साठून राहिलेला भार उतरतो.

यानंतर सर्वात नाजूक काम म्हणजे रिबन केबल. टचपॅड, कीबोर्डचा उजेड, बोटाचा ठसा वाचणारा भाग यांच्या पातळ केबल एका लहानशा सांध्यात शिरलेल्या असतात आणि त्यांना एक बारीक पट्टी धरून ठेवते. ही पट्टी बहुधा उभी उघडते, एखाद्या दारासारखी. तिच्या मागच्या कडेला नख लावून ती नव्वद अंशांतून वर उचलली की केबल आपसूक सैल होते. सुरुवातीच्या काळात माझ्याकडून अशी एक पट्टी तुटली होती. मी केबल धरून ओढली, ती निघाली नाही, म्हणून आणखी जोर दिला आणि केसाएवढी जाड ती काळी पट्टी तुटून टेबलावर पडली. केबल नंतर सांध्यात परत गेली, पण धरून ठेवायला काहीच उरले नव्हते, आणि त्या यंत्राचा टचपॅड मधूनच बंद पडू लागला. शेवटी केबलच्या पाठीवर चिकटपट्टीचा एक बारीक तुकडा लावून ती घट्ट बसवली तेव्हा काम भागले. तेव्हापासून प्रत्येक सांध्याचे आधी छायाचित्र घ्यायचे, ते मोठे करून पाहायचे आणि मगच हात लावायचा हा नियम मी पाळतो. जी केबल काढण्याची गरज नाही तिला मुळात स्पर्शच करू नये.

रॅमची पट्टी काढताना दोन्ही बाजूंच्या धातूच्या कड्या एकदम बाहेर ढकलाव्यात, पट्टी आपोआप तिरकी वर येते. नवी बसवताना साधारण ३० अंशांच्या कोनात ती खाचेत पूर्ण आत सरकवावी आणि मग कड्या ‘टक्’ करेपर्यंत खाली दाबावी. पट्टीचे सोनेरी टोक बरेचसे बाहेर दिसत असेल तर ती आत गेलेली नाही असे समजावे. एसएसडीही अशीच तिरकी बसते आणि स्क्रू लावेपर्यंत तिचे मोकळे टोक वर उभे राहते. तो काही दोष नव्हे. एसएसडीवर उष्णता वाहून नेणारी मऊ, राखाडी गादी किंवा धातूचे कवच असेल तर ते जुन्यावरून सावकाश उतरवून नव्यावर लावावे.

बॅटरी

माझ्या मते पातळ लॅपटॉपमधला सर्वात मोलाचा अपग्रेड रॅमचाही नाही आणि एसएसडीचाही नाही. तो बॅटरीचा आहे, कारण झिजणारा भाग मुळात तोच असतो. लिथियम बॅटरीची क्षमता साधारणपणे ३०० ते ५०० पूर्ण चार्ज-आवर्तनांनंतर मूळच्या ८० टक्क्यांवर येते. काही बॅटऱ्या याहून बऱ्याच अधिक टिकतात. विंडोजच्या कमांड खिडकीत ‘पॉवरसीएफजी’ या आज्ञेने बॅटरी रिपोर्ट मागवला की मूळ क्षमता आणि आजची पूर्ण क्षमता असे दोन आकडे मिळतात. मूळ ५० वॉट-तास असलेली बॅटरी आज ३१ दाखवत असेल तर तिची ६२ टक्के क्षमता उरली असे समजावे आणि बदलण्याचा विचार सुरू करावा.

यापेक्षा गंभीर प्रकार म्हणजे बॅटरी फुगणे. घरातल्या एका लॅपटॉपच्या टचपॅडचे बटण दाबले जाईना, तेव्हा सगळ्यांना वाटले की टचपॅड खराब झाला. यंत्र टेबलावर ठेवून पाहिले तर ते एका कोपऱ्यावर किंचित डुलत होते, आणि झाकणाच्या कडेला नख जाईल एवढी फट पडली होती. उघडल्यावर दिसले की टचपॅडच्या खालचा बॅटरीचा कप्पा उशीसारखा टम्म फुगला होता आणि खालून वर ढकलत होता. बॅटरीतला द्रव विघटित होऊन वायू तयार होतो आणि मऊ आवरणात कोंडून राहतो, म्हणून ती अशी फुगते. ते आवरणच आता तिला सांभाळून धरत असते. अशी बॅटरी दाबू नये, टोचू नये, चार्ज करू नये आणि ‘अजून चालते आहे’ म्हणून वापरतही राहू नये.

बॅटरी स्क्रूने बसवलेली असेल तर बदलणे सोपे असते. गोंदाने चिकटवलेली असेल तर आधी ओढता येणाऱ्या पट्ट्या आहेत का ते पाहावे. त्या बोर्डाला समांतर, अगदी हळू ओढल्या तर रबरासारख्या लांब होत बाहेर येतात. तशा पट्ट्या नसतील तर कडेने आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थोडे थेंब सोडावेत, दोन मिनिटे थांबावे आणि प्लास्टिकच्या रुंद पट्टीने गोंद सैल करावा. कप्पा वाकू देता कामा नये. फुगलेली बॅटरी चिकटवलेली असेल तर हे काम जाणकार तंत्रज्ञाकडेच द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. काढलेली बॅटरी घरातल्या कचऱ्यात टाकू नये. तिच्या कनेक्टरला चिकटपट्टी लावून ती ई-कचरा घेणाऱ्यांकडे सोपवावी.

नवी बॅटरी घेताना मॉडेल क्रमांकाबरोबर व्होल्टेजही जुळवून पाहावे. दोन कप्प्यांची माळ असेल तर साधारण ७.६, तीन कप्प्यांची असेल तर ११.४ आणि चार कप्प्यांची असेल तर १५.२ व्होल्टच्या आसपासचा आकडा असतो, आणि एकाच लॅपटॉपच्या दोन उपप्रकारांत तो वेगळा असू शकतो. काही यंत्रे कंपनीबाहेरची बॅटरी ओळखतच नाहीत किंवा ती चार्ज करायला नकार देतात. हा अन्याय आहे असे मला वाटते, आणि तसे वाटणारा मी एकटा नाही: युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांतल्या लहान बॅटऱ्या, काही अपवाद वगळता, वापरणाऱ्याला स्वतः काढता आणि बदलता येतील अशा असाव्या लागतील.

उष्णता

पातळ लॅपटॉप संथ वाटू लागला तर त्याचे कारण बरेचदा रॅम नसून धूळ असते. प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या ज्या चपट्या नळीतून वाहते तिच्या आत थोडेसे पाणी असते. प्रोसेसरच्या टोकाला त्याची वाफ होते, पंख्याच्या टोकाला ती थंड होऊन पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून परत येते. ही सुंदर योजना पंख्यासमोरच्या बारीक पात्यांत धुळीची एक चादर जमली की निकामी होते. ही चादर पंख्याच्या आतल्या बाजूने बसते, म्हणून बाहेरून दिसत नाही. ती काढताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर हवेच्या झोताने तो भलत्याच वेगाने फिरून खराब होतो.

प्रोसेसर आणि तांबे यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट बदलावी का, हे वयावर अवलंबून आहे. यंत्र चार-पाच वर्षांचे असेल, धूळ काढूनही तापत असेल, तर बदलावी. नव्या यंत्रात केवळ हौस म्हणून तिला हात लावू नये. स्क्रूंच्या शेजारी १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात, त्याच क्रमाने थोडे थोडे पिळावेत, म्हणजे दाब सगळीकडे सारखा पडतो आणि उघड्या चिपचा कोपरा फुटत नाही. शेजारच्या चिपवर मऊ गाद्या असतील तर त्यांची जाडी मोजून तेवढ्याच जाडीच्या नव्या घ्याव्यात; अर्धा मिलिमीटर अधिक जाड गादी लागली तर तांबे प्रोसेसरवरून उचलले जाते आणि यंत्र पूर्वीपेक्षा अधिक तापते. पेस्टऐवजी लावले जाणारे, वीजवाहक असलेले ‘लिक्विड मेटल’ नवशिक्याने वापरू नये.

पुन्हा जोडल्यावर

बॅटरीचा कनेक्टर सर्वात शेवटी जोडावा आणि झाकण लगेच सगळ्या स्क्रूंनी बंद करू नये. ते नुसते जागेवर बसवून यंत्र सुरू करून पाहावे. इथे दोन गोष्टींनी नवखा माणूस घाबरतो. पहिली अशी की, बॅटरी सोडवून पुन्हा जोडल्यावर अनेक लॅपटॉप चार्जर लावल्याशिवाय जागेच होत नाहीत, आणि तारीख-वेळही चुकीची दाखवू शकतात. दुसरी अशी की, रॅम बदलल्यावर, विशेषतः डीडीआर५ च्या यंत्रात, पहिल्या वेळी पडदा काही मिनिटे काळाच राहू शकतो, कारण यंत्र नव्या रॅमशी संकेतांची वेळ जुळवून घेत असते. घाईने बटण दाबून ते बंद करू नये. चार-पाच मिनिटे वाट पाहावी. त्यानंतर बायोसमध्ये जाऊन रॅम आणि एसएसडी यांची पूर्ण क्षमता दिसते का ते पाहावे, आणि रात्रभर मेमटेस्टसारख्या कार्यक्रमाने रॅम तपासावी. एकही चूक दिसली तर पट्टी पुन्हा बसवून पाहावी, तरीही चूक आली तर ती परत करावी.

नव्या एसएसडीवर विंडोज नव्याने टाकताना इंटेलच्या काही यंत्रांत ‘एकही ड्राइव्ह सापडत नाही’ असा संदेश येतो आणि आपण एसएसडीलाच दोष देतो. कारण बहुधा बायोसमधली, एसएसडी हाताळणारी व्हीएमडी नावाची मांडणी असते. त्यासाठीचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर आधीच उतरवून ठेवला तर पाच मिनिटांत मार्ग मोकळा होतो. नव्याने न टाकता जुन्या एसएसडीची हुबेहूब प्रत करायची असेल तर क्लोनझिलासारखे साधन वापरता येते, मात्र लॅपटॉपमध्ये खाच एकच असेल तर नवी एसएसडी यूएसबीच्या डबीत घालून प्रत आधी करावी लागते. तीच डबी पुढेही उपयोगी पडते. काढलेली जुनी एसएसडी तिच्यात घालून महिनाभर न पुसता बाजूला ठेवावी, कारण प्रत करताना काय सुटले हे बहुधा दोन-तीन आठवड्यांनी, एखादी जुनी फाइल शोधताना लक्षात येते.